रांजणातलं आकाश

बाजारात माठ घेणारी बाई आधी त्याला बोटाच्या पेरानं ठोकते. आवाज खणखणीत आला तर घेते, फुटका आला तर मुकाट ठेवून देते. परवा उन्हात उभा राहून हे बघत होतो. बाई आतली पोकळी ऐकत्ये असं वाटलं, आणि आबा आठवले.

आबा विदर्भातल्या संत गुलाबराव महाराजांचे भक्त. चांदूर बाजारला जाऊन आले की आठवडाभर वेदान्त घरी मुक्कामाला. घटाकाश, मठाकाश, महाकाश. म्हणजे घड्यातली पोकळी, मठातली पोकळी आणि सगळीकडची पोकळी. घडा फुटतो तेव्हा आतलं आकाश बाहेरच्यात मिसळतं म्हणतात, पण ते वेगळं कधी होतं? उपनिषद तर म्हणतं, आत्म्यापासून आकाश झालं, आकाशापासून वायू, मग अग्नी, पाणी, पृथ्वी. म्हणजे माठाची माती आणि माठातली पोकळी, दोघींचं माहेर एकच.

उन्हाळ्यात अंगणातला रांजण रिकामा पडला की त्यात तोंड घालून मी स्वतःचं नाव ओरडायचो. आतून कुणीतरी घोगऱ्या आवाजात तेच नाव घ्यायचं. तो मीच, फक्त मोठा झालेला, याबद्दल मला शंका नव्हती. आबा ओसरीवरून म्हणत, "शब्द हा आकाशाचा गुण हाये बापू." आकाश कानाला कळतं, डोळ्याला नाही. महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती. १८८१चा जन्म, १९१५ला गेले, आणि एवढ्याशा आयुष्यात ढीगभर ग्रंथ सांगून गेले.

आत्याला यातलं काही पटत नसे. तिचं सासर महानुभाव पंथाचं, रिद्धपूरकडचं. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर, चारही नित्य आणि चारही वेगळे. "माठ फुटला त पाणी सांडते आबा, बाकी काही होत नाही." आबा हसून चहा मागत. मी मनातून आत्याच्या बाजूचा. सगळ्यात विरघळून जायची मला बिलकूल हौस नव्हती. रांजणातला तो मोठा मी मला वेगळाच हवा होता.

रदरफर्डनं १९११ साली दाखवलं की अणूसुद्धा बहुतेक पोकळच, सारा भार मधल्या इवल्याशा गाभ्यात. हे मी शिकलो तोवर आबा नव्हते. असते तर म्हणाले असते, "आमच्या महाराजाच्या हयातीतच ना?"

आता आमच्या शेताशेजारचे दोघे भाऊ. भजनी मंडळात एक खंजिरी वाजवतो, दुसरा टाळ. 'सर्वांभूती एकच आत्मा' म्हणताना दोघांचेही डोळे मिटलेले. आणि हातभर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलणं बंद. धाकट्याला मी एकदा छेडलंच. त्यानं तंबाखू मळणं थांबवलं नाही.

"आत्मा एकच हाये ना भाऊ. सातबारा येगळा हाये."

यावर वेदान्तात उत्तर असेलही. मोजणी सोमवारी आहे.