वरकमाई कुठल्या रकान्यात टाकायची?

परवा लग्नाच्या पंगतीत बाबाकाकांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवत विचारलं, "काय रे, लोकांची रिटर्नं भरतोस ना, मग वरकमाई कुठल्या रकान्यात टाकतात?" सगळे हसले, मीपण हसलो, पण म्हटलं काका, रकाना आहे, इतर स्रोतांचं उत्पन्न. लाच असो नाहीतर मटका, पैसा चांगल्या मार्गाचा की वाईट याचं इन्कम टॅक्सला सोयरसुतक नाही, कमावला ना, मग भरा.

मग त्यांना प्यारा सिंगची केस सांगितली, माझी लाडकी. १९५८ साली हा गडी पाकिस्तानच्या हद्दीत शिरताना पकडला गेला, जवळ ६५,५०० रुपयांच्या नोटा, तिकडून सोनं आणायचं होतं. नोटा जप्त. वर टॅक्सवाले म्हणाले, ही तुझी स्मगलिंगच्या धंद्याची कमाई, टॅक्स काढ. हा म्हणतो ठीक आहे, धंदाच म्हणताय ना, मग नोटा गेल्या तो धंद्यातला तोटा, वजा करा! आणि १९८० ला सुप्रीम कोर्टाने चक्क मान्य केलं. काकूंची जिलेबी हातातच राहिली.

नंतर १९९८ ला सरकारने कायद्यात टाकलं की गुन्ह्यासाठी केलेला खर्च वजा मिळणार नाही, म्हणजे घेतलेल्या लाचेवर टॅक्स आणि दिलेल्या लाचेची सूट शून्य. तरी एका डॉक्टरचं हेरॉइन जप्त झालं होतं, त्यात २००६ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं हा खर्च नाही, धंद्यातला तोटा आहे, वजा करा. मला तर हे अजून पचत नाही, पण वाचलं की लॉजिक बरोबर वाटतं, काय करणार.

अर्थात आपणहून कोण दाखवतंय म्हणा. धाडीत कपाटातून निघतं आणि हिशोब देता येत नाही, अशा पैशावर नोटबंदीच्या वेळी सरचार्ज-सेस हे वरचे कर धरून चक्क सव्वासत्त्याहत्तर टक्के टॅक्स लावून ठेवला होता.

"म्हणजे टॅक्स भरला की पैसा पांढरा?" काका. नाही हो, जयललितांच्या बेहिशोबी मालमत्तेच्या केसमध्ये २०१७ ला सुप्रीम कोर्टाने तेच सांगितलं, टॅक्स भरला म्हणून कमाई कायदेशीर ठरत नाही.

काका जरा हिरमुसले. पोस्टात ३० वर्षं काढली बिचाऱ्यांनी, कसली वरकमाई! "मग आहेराचं काय?" म्हटलं लग्नातला आहेर नवरा-नवरीला माफ आहे. तसे ते खिशातलं पाकीट चाचपत स्टेजकडे निघाले.