दिवा फक्त वेगातच लागायचा

"इंजिन उतरवायचंय," काकांनी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं. गाडी तीस वर्षांची, पहिल्यापासून त्यांच्याकडेच. मोठ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं पळाली की ऑइलचा लाल दिवा आधी फडफडायचा, मग लागूनच राहायचा. दुसऱ्या एका गॅरेजने बेअरिंग गेल्याचं सांगून पूर्ण इंजिनचं काम काढलं होतं. कुणीतरी दाट तेल भरायला सांगितलं, तेही त्यांनी भरून पाहिलं. दिवा उलट लवकर लागायला लागला.

मी विचारलं, "सिग्नलला उभी असताना, गरम इंजिनवर लागतो का?"

"नाही. आणि कडेला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की परत नीट पळते."

इथेच मला बेअरिंगची शंका येईना. पंप नुसतं तेल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते त्या तेलाला बारीक फटीतून वाट काढावी लागते म्हणून. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, आणि बेअरिंगमधली ही फट मिलिमीटरच्या पाच-सहा शतांशांएवढी असते. ती वाढली की तेल सहज निसटतं, आणि ते आधी दिसतं आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कारण तेव्हा पंप सावकाश फिरतो आणि गरम तेल पातळ झालेलं असतं. काकांच्या गाडीचं सगळं उलटं होतं.

दिव्यावर मी निर्णय घेत नाही. बहुतेक गाड्यांत प्रेशर (दर चौरस इंचाला) पाचेक पौंडांवर आल्याशिवाय तो लागतच नाही, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. स्विच काढून त्या जागी काट्याचं मीटर लावलं आणि इंजिन चांगलं तापू दिलं. आयडलला 18 पौंड. जुन्या इंजिनला हे उत्तमच. दर हजार आरपीएमला दहा पौंड हा ढोबळ हिशोब आम्ही धरतो, त्यात 2000 ला 38 म्हणजे तक्रारीला जागाच नाही. मग 3000 वर धरून ठेवलं. काटा 45 वर गेला, मिनिटभर थांबला आणि थरथरत खाली यायला लागला. 30, 20, 12. मी लगेच पाय काढला.

पंपाला खालून तेल पुरत नव्हतं. वेग वाढला की ओढ वाढते, ओढ वाढली की पंप तेल ओढतो त्या तोंडावरच्या जाळीवर काहीतरी येऊन चिकटतं. इंजिन बंद केलं की ते सुटून खाली पडतं. दाट तेल जाळीतून आणखी कष्टाने येणार, म्हणून दिवा लवकर.

इंजिनखालचा तेलाचा चेंबर उतरवला. जाळीवर काळ्या रबरासारख्या धाग्यांचा गुंता बसला होता. एक धागा नखाने सोडवला, बोटांत ताणला. सिलिकॉन. त्याच्या एका कडेवर टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, खाचेचा ठसा स्वच्छ उमटलेला होता.

ते कव्हर गेल्या वर्षी मीच बसवलं होतं. पॅकिंगच्या कोपऱ्यांना थेंबभर सिलिकॉन पुरतं, मी हात सैल सोडला होता. जास्तीचं आत दाबलं गेलं आणि तुटून तेलाबरोबर खाली आलं. मला खूप वाईट वाटलं. माणूस इंजिन उतरवायची तयारी करून आला होता, आणि कारण माझ्या हातचं होतं.

काकांना जाळी दाखवली आणि जसं होतं तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, "बेअरिंगला काही झालंय का ते बघ."

पंपापासून सगळ्यात लांबच्या बिगएंडची, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगची, कॅप खोलली. राखाडी लेप शाबूत, तांबूस थर कुठेच उघडा पडलेला नाही. क्रँकवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. चेंबर आणि जाळी धुतली, कव्हर काढून उरलेलं सिलिकॉन खरवडलं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर घातला. 3000 वर पंधरा मिनिटं धरून ठेवलं, काटा 44 वरून हलला नाही. मजुरी अर्थातच लावली नाही.

पाचशे किलोमीटरवर परत बोलावलं होतं, कारण बारीक कण जाळीतून पुढे गेले असतील तर ते फिल्टरमध्येच सापडणार. परवा काका आले. फिल्टर कापून कागद उलगडला. घडीत टाचणीच्या डोक्याएवढे दोन काळे कण होते. तेल बदललं आणि पुढच्या पाचशेला पुन्हा यायला सांगितलं.