डिकीच्या तळाचा एक तुकडा

शनिवार, रात्री

स्टेपनी, गालिचा आणि पेट्रोलची टाकी काढल्यावर आज माझ्या एमजीबीच्या, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या, डिकीचा तळ पहिल्यांदा पूर्ण उघडा पाहिला. वरून रंगाला नुसते फोड दिसत होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते आरपार गेलं.

या गाडीत हे होतंच. टाकी तळाला खालून लटकलेली असते आणि टाकीची पाठ व तळ यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत चाकांनी उडवलेला चिखल जाऊन बसतो. तिथे वारा पोचत नाही, म्हणून तो ओलाच राहतो. वरून डिकीच्या दाराचं रबर कडक झालं की पाणी गालिच्याखाली उतरतं. पत्रा मध्ये सापडतो आणि दोन्ही बाजूंनी गंजतो. १९६२ ते १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगांचा) भार ज्या पोकळ दांड्यांवर येतो, त्यांना एकमेकींशी बांधून ठेवण्याचं काम हा तळ करतो. त्यामुळे वरून एक पत्रा रिव्हेट करून भागवणं मला मान्य नाही.

टाकी लगेच गॅरेजच्या बाहेर, लांब नेऊन ठेवली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. वेल्डिंगची एक ठिणगी पुरते.

रविवार

दिवसभर एकच प्रश्न डोक्यात होता : पूर्ण तळ बदलायचा की गेलेला भागच? पूर्ण तळ तयार मिळतो. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी तर १९८८पासून एमजीबीचं अख्खं बॉडीशेल, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा, नव्याने बनवत आलं आहे. ज्याचा तळ सगळीकडून गेला असेल त्याने बेलाशक तयार पॅनल घ्यावं.

पण माझ्या गाडीत खराबी एका बाजूला आहे. उरलेला पत्रा ठणठणीत आहे आणि त्याच्या कडांचे कारखान्यातले स्पॉट वेल्ड, म्हणजे दोन पत्रे ठिपक्याठिपक्याने जोडणारे वेल्ड, शाबूत आहेत. ते सगळे ड्रिलने उकलायचे, म्हणजे चांगलं लोखंड फेकायचं आणि बॉडीची मूळ मापं हलवण्याचा धोकाही घ्यायचा. शिवाय मला हा पत्रा प्रिय आहे. जेवढा वाचेल तेवढा वाचवायचा असं ठरवलं.

गंज दिसतो त्याच्या पुढे, चकाकणारा पत्रा लागेपर्यंत ग्राइंडर चालवला. कापलेल्या भागाचे कोपरे गोल ठेवले, कारण चौकोनी कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. भोक साधारण ३० गुणिले ४० सेंटिमीटरचं झालं. ०.९ मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा घेतला, तर एवढ्या तुकड्याचं वजन जेमतेम साडेआठशे ग्रॅम भरेल.

बुधवार

आजचं काम मनासारखं झालं, म्हणून सविस्तर लिहिते.

तळावरच्या लांबट उठावांना आम्ही बीड म्हणतो. ते शोभेसाठी नसतात. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो : जाडी दुप्पट केली, तर ताठपणा आठपट. पण जाडी दुप्पट म्हणजे वजनही दुप्पट. बीडमुळे तोच पातळ पत्रा काही मिलिमीटर उंचीत विभागला जातो आणि वजन न वाढता वाकायला नकार देतो. सपाट तुकडा जोडला, तर स्टेपनीच्या भाराखाली तो टक-टक आत-बाहेर होत राहील आणि एक दिवस वेल्डच्या कडेला फाटेल. म्हणून बीड हवेतच, आणि जुन्या बीडशी अगदी एका रेषेत.

शाबूत बाजूच्या बीडवर कार्डशीट दाबून त्यांची रुंदी, खोली आणि टोकाची गोलाई उतरवून घेतली. त्यावरून कठीण लाकडाचा फर्मा केला. खालच्या फळीत चर कोरले, वरच्या फळीत त्याच जागी आरपार खाचा ठेवल्या. मध्ये पत्रा, चारी बाजूंनी सी-क्लॅम्प. मग गोल नाकाच्या लाकडी ठोकणीने हळूहळू चरात उतरवत गेले. एका फेरीत पूर्ण खोली गाठायची नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं, पुन्हा तेच. घाई केली की पत्रा एकाच जागी ताणून पातळ होतो.

बीडला लागणारं लोखंड बाजूनेच ओढलं जातं, म्हणून पत्रा मुळात चारी बाजूंनी २५ मिलिमीटर मोठा कापला होता. सुरुवात मधल्या बीडपासून केली, म्हणजे बाहेरचा पत्रा मोकळेपणाने आत सरकतो. आधी बाहेरचे ठोकले, तर मधल्याला लोखंड मिळत नाही आणि मधोमध फुगवटा येतो. सगळे बीड झाल्यावरच अंतिम माप आखून कापलं.

तुकडा भोकावर धरला आणि जुन्या-नव्या बीडवरून बोट फिरवलं. कुठेही पायरी लागली नाही. फार आनंद झाला.

शनिवार

वेल्डिंग. पत्र्यावर पत्रा चढवण्यापेक्षा कडेला कड भिडवून जोड घेतला. चढवलेल्या जोडात पाणी शिरतं, आत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे दोन पत्रे एकमेकांपासून उकलत जातात. कडेला कड लावणं कष्टाचं आहे, पण तळासाठी मला तेच योग्य वाटतं.

मिग वेल्डिंग मशीनला ०.६ मिलिमीटरची तार. एक टाका इथे, दुसरा समोरच्या कडेला, तिसरा कोपऱ्यात. हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत शेजारी दुसरा टाका नाही. थंड होताना वेल्ड आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढतो. ती ओढ सोडवायला खाली डॉली, म्हणजे टेकू द्यायचा लोखंडी ठोकळा, धरून वरून हातोड्याने वेल्डच हलका ठोकला, म्हणजे तो पुन्हा पसरतो. दांड्याच्या पट्टीवर जिथे मुळात स्पॉट वेल्ड होते, तिथे नव्या तुकड्याला भोकं पाडून ती वेल्डने भरली. दोन्ही पत्र्यांच्या मध्ये आधीच झिंक प्रायमर मारला होता. झिंकचा धूर छातीत गेला की ताप भरतो, म्हणून शटर पूर्ण उघडं आणि तोंडाला मास्क.

आता खालून-वरून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांवर सीलर, मग रंग. लांबी (पुट्टी) कुठेही भरणार नाही. वेल्डची पुसटशी रेघ दिसली तर दिसू दे, पुढे ही गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला काम कुठे झालंय ते कळलं पाहिजे.

टाकी चढवण्याआधी तिची पाठ खरवडून पाहायची आहे. तोच चिखल तिच्यावरही बसलेला होता. पत्रा पातळ झाला असेल, तर टाकीही नवीच घेईन.