कृष्णा कॅनॉलच्या कडेने कराड ते सांगली, आणि मधले नऊ किलोमीटर

निकाल आधीच सांगून टाकतो. कॅनॉलला पाणी सुटलेलं असेल तर सायकल घेऊन या वाटेला जाऊ नका. पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आला तरी एवढं लक्षात ठेवा.

कुणीतरी टाकलेला सायकलवाटेचा तयार जीपीएस ट्रॅक मेहुण्याला मिळाला होता. खाली लिहिलं होतं, 'कराड ते सांगली, एकही गाडी आडवी येत नाही, सगळं ग्रॅव्हल, चढ नाही.' सोबत आठ-दहा फोटो. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही कळेना. गाडी खरंच आडवी आली नाही. चढही नाही. फक्त त्या सगळ्या फोटोंत कॅनॉल कोरडा ठणठणीत होता आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आम्ही जानेवारीत गेलो. पावसाचा थेंब नाही, थंडी छान, मग चिखल कुठून येणार?

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कराडच्या वरच्या अंगाला खोडशीला कृष्णेवर ब्रिटिशांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला दगडी बंधारा आहे. तिथून हा कॅनॉल निघतो आणि नदीच्या डाव्या बाजूने कराड तालुका सोडून सांगली जिल्ह्यात शिरतो. पाणी नुसत्या उतारावर चालवायचं असल्यामुळे त्याला जमिनीची पातळी सोडता येत नाही. ओढा आला की आत वळायचं, टेकाड आलं की बाहेरून फिरायचं. म्हणून चढ नाही, आणि म्हणूनच अंतर फुगतं. रेल्वे जिथे तीस किलोमीटरमध्ये पोचते तिथे आमच्या मीटरवर चव्वेचाळीस झाले. नकाशात सरळ रेष बघून वेळेचा हिशोब करू नका, दीडपट धरा.

खोडशीपासून सैदापूरपर्यंतचा तुकडा वस्तीचा आहे. भिंती, म्हशी, कपडे वाळत घातलेले, आणि कुत्री. कुत्र्यांना घाबरून पॅडल मारू नका, उतरून सायकल मध्ये धरून चाला, दोन मिनिटांत त्यांना कंटाळा येतो. वस्ती संपली की कडा मोकळी होते. मुरूम दाबलेला, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. सकाळचे साडेसात. पाणी भरून चाललं होतं आणि ते बघून मेहुणा म्हणाला, "दाजी, फोटोपेक्षा भारी आहे की!" हे वाक्य मी त्याला आयुष्यभर ऐकवणार आहे.

शेणोलीपर्यंत तक्रारीला जागा नाही, काटे सोडून. बाभळीचा काटा दिसतो तरी. सराटे दिसत नाहीत. गवताच्या कडेने गेलात की टायर सराट्यांनी मढतो. दोघांचे मिळून सात पंक्चर झाले, त्यातले पाच मेहुण्याचे, कारण तो ट्यूबवर होता. ट्यूबलेस नसेल तर येऊच नका, आणि भोक आतून बुजवणारं सीलंट घरून निघतानाच नवीन भरा. सहा महिन्यांपूर्वीचं आत सुकून पापुद्रा झालेलं असतं. टायर चाळीस मिलिमीटर रुंदीच्या आत नको. भोकात कोंबायच्या प्लगची दोरी किमान पाच तुकडे.

शेणोलीला रुळांजवळ स्मारक आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या (इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या) तूफान सेनेने इथे पगाराचे पैसे घेऊन चाललेली रेल्वे अडवून लुटली होती. तिथे सावलीला बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. अकरा वाजले होते. वेळेच्या पुढे होतो. मी तर संध्याकाळी मुक्कामाला टाकारीला पोचून अंघोळीनंतर काय खायचं इथपर्यंत गेलो होतो.

शेणोली मागे पडली, समोर मच्छिंद्रगड दिसायला लागला, सातारा जिल्हा संपला, आणि मुरूमही संपला.

इथून पुढची कडा काळ्या मातीची आहे. कोरडी असेल तर चालेल, निदान असं ऐकतो. पण कॅनॉलला पाळी, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवसांचं पाणी, सुटलं की शेतकरी पाण्यात पाइप टाकून कडेवरून पलीकडे ओढून घेतात. पाइपाचं तोंड गळतं, सांधा गळतो, शेतातली चारी भरून वाहते, आणि ते सगळं पाणी वाटेवर येऊन बसतं. त्यातून ऊसतोड चालू. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर फडातून निघून शंभर-दोनशे मीटर याच कडेने जातात आणि मग पुलावरून पलीकडे. त्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर. वर पाचट पसरलेलं, म्हणजे चाकोरी कुठे आहे तेही दिसत नाही. माझं पुढचं चाक एकदा असं गेलं की मी हँडलवरून थेट वाड्याच्या, म्हणजे उसाच्या तोडलेल्या शेंड्यांच्या, ढिगात. लागलं नाही. वाडं मऊ असतं, एवढी एक चांगली गोष्ट त्या दुपारी घडली.

काळी माती टायरला लागत नाही, ती टायरवर वाढते. दहा मीटरमध्ये चाक आणि फ्रेमच्या मधली फट भरते, वीस मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. मग उसाच्या कांडीने खरवडायचं, परत दहा मीटर. ढकलताही येत नाही, कारण चाक फिरतच नाही. उचलावीच लागते, आणि आता तिचं वजन दुप्पट झालेलं असतं. बुटांचंही तेच. तळाच्या खिळ्यांत माती बसली की बूट पॅडलच्या क्लिपमध्ये अडकवणं विसरा. मडगार्ड लावले असतील तर निघायच्या आधी काढून घरी ठेवा. आम्ही तिथे, चिखलात बसून, पाना शोधत काढले.

दोन किलोमीटरला सव्वा तास. मी घड्याळ बघितलं, म्हणून माहीत.

मोटरीपाशी बसलेले एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "काय ओ पाव्हणं, सायकल डोक्यावर घ्यायला आणलीया व्हय?" मी विचारलं पुढे असंच आहे का. "टाकारीपतोर असंच की. मंगळवारपास्नं पाळी सुटलीया. कुणाला इचारायचं न्हाई का?" नव्हतं विचारलं. दोन माणसं, दोन फोन, एक सायकलचा कॉम्प्युटर, आणि सैदापूरच्या चहाच्या गाड्यावर एक प्रश्न विचारायचं सुचलं नाही. तो चहावालासुद्धा सांगू शकला असता. पाळी हा इथे रोजच्या बोलण्यातला विषय आहे. आजोबांनी घागरीतलं पाणी दिलं आणि डांबरी कुठे लागते ते दाखवलं, उलट दिशेला. आम्ही ऐकलं नाही. मेहुण्याचं म्हणणं, आता निम्मं झालंय. निम्मं झालं नव्हतं.

पुढे एका ओढ्यावर कॅनॉल पुलावरून जातो आणि कडेची वाट तिथेच संपते. ट्रॅकमध्ये तिथे सरळ रेघ आहे. प्रत्यक्षात सायकल खांद्यावर घेऊन घाणेरीतून ओढ्यात उतरायचं आणि समोरून चढायचं. पुलाच्या कठड्यावरून चालत जाणारे लोक आहेत, आम्हालाही एकाने "जावा की" म्हणून सांगितलं. जाऊ नका. कठडा वीतभर आहे, खाली दगड, आणि भरलेल्या कॅनॉलमध्ये पडलात तर उतरत्या भिंतींना हात लागत नाही. चढताना माझ्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकला. सुटा हँगर जवळ नव्हता. तुमच्याजवळ असू द्या, तुमच्याच सायकलच्या मापाचा. गावातल्या दुकानात तो मिळणार नाही.

तेव्हा कुठे हार मानली. शेतातून डांबरीवर आलो, आणि इथे दुसरी माती.

एक छोटा हत्ती टेम्पो उभा होता. टाकारी किती? "अठराशे." अंतर आठ किलोमीटर. मी हसलो तर तो हसला नाही. "सायकली घाण हायत, गाडी धुवावी लागंल." घासाघीस करून बाराशेवर आला. साडेतीन वाजले होते, पाय थरथरत होते, मेहुणा रस्त्याच्या कडेला आडवा झाला होता. दिले. टाकारीत चहावाल्याने सांगितलं की चारशेच्या वर कुणी देत नाही, आणि वर विचारलं, "सायकली हुत्या न्हवं? मग चालवत का न्हाई आलासा?" माझा हँगर वाकला होता, मेहुण्याची तर बरी होती. मी बाराशे रुपये मेहुण्याला सोबत म्हणून दिले. शेणोलीत लूट इंग्रज सरकारची झाली होती, निदान.

पैसे वाचवायचे असतील तर असं करा. शेणोलीला थांबा, कडेची माती मुठीत घेऊन दाबा. गोळा होत असेल तर तिथूनच तासगावच्या डांबरीला लागा आणि टाकारीपर्यंत डांबरीनेच या. ऊस वाहणारे ट्रॅक्टर असतात, मागून गाणी वाजवत येतात म्हणून कळतं तरी. रस्ता कंटाळवाणा आहे. मुकाट्याने या. मातीत घुसल्यावर मधून बाहेर पडायला वाट मोजक्या ठिकाणीच आहे, आणि जिथे आहे तिथे छोटा हत्ती उभा असतो.

कोणी म्हणेल, कॅनॉल नको, नदीच्या अगदी काठाने जाऊ. काठाची वाट पुराच्या पाण्याखाली जाणारी आहे. तिथे गाळ, तोही काळाच, आणि मध्येच कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीच्या केबली. कॅनॉल त्या मानाने वर आहे म्हणून तर तो निवडायचा.

कधी जायचं? पाळी बंद होऊन आठ-दहा दिवस गेल्यावर. तारखा छापील मिळाल्या तरी त्यांच्यावर जाऊ नका, खोडशी-सैदापूरकडच्या कुणालाही आदल्या दिवशी विचारा. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत नाव काढू नका, गवत कमरेएवढं असतं. पाटकरी, म्हणजे कॅनॉलचं पाणी सोडणारा माणूस, भेटला तर थांबा, रामराम घाला, कुठे निघालात ते सांगा. आम्हाला कुणी अडवलं नाही, पण वाट त्यांच्या कामाची आहे, आपल्या सायकलीची नाही. पाणी कॅनॉलचं पिऊ नका. वस्तीवर मागा, कुणी नाही म्हणत नाही.

दुसरा दिवस. हँगर मेहुण्याने दोन पान्यांमध्ये धरून सरळ केला, तीन गिअर चालायला लागले. टाकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी. मुरूम चांगला, औदुंबरला दर्शन, वसगड्याच्या पुढे येरळेत पाणी नव्हतं. दुपारी दोनला सांगलीत. सांगण्यासारखं काही नाही, छान झालं. भडंग खाल्लं. आयर्विन पुलावर २०१९ च्या पुराचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं, ती उंची मान वर करून बघत होतो तर मानेत उसण भरली. आदल्या दिवशीच्या उचलाउचलीची.

ज्याला फक्त बिनरहदारीचा आनंद हवा आहे त्याने टाकारीला गाडी लावावी आणि तिथून भिलवडीपर्यंत जाऊन परत यावं. कराडकडचा भाग हवाच असेल तर खोडशी ते शेणोली आणि परत. मधले नऊ किलोमीटर कोरडे असताना कसे असतात हे ज्याला बघायचं आहे त्याने बघून मला सांगावं. मेहुण्याने त्या ट्रॅकखाली अजून 'मस्त वाट' एवढंच लिहिलंय. त्याला सांगून झालंय, तो बदलत नाही. म्हणतो, दाजी, खोटं काय आहे त्यात?