परार्धापर्यंत मोजायला बसलो, त्याची गोष्ट

भाचा सुट्टीत आला होता. आजीने त्याच्याकडून 'एकं, दहं, शतं' पाठ करून घेतलं, अगदी खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्धापर्यंत. परार्ध म्हणजे एकावर 17 शून्यं. त्याने लगेच विचारलं, "मामा, तुझा लॅपटॉप परार्धापर्यंत मोजेल?"

मी म्हटलं, त्यात काय!

लॅपटॉप जुना, रॅम 8 जीबी, बॅटरी मेलेली, त्यामुळे कायम प्लगला. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत साधा व्हाइल लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा तुकडा, लिहिला आणि आधी एक अब्जच मोजून पाहिले. दीड मिनिट लागलं. या वेगाने परार्धाला किती? हिशेब केला तर 285 वर्षं निघाली. म्हणजे पहिले बाजीराव गेले त्या सुमारास, 1740 साली, मोजणी सुरू केली असती तर आत्ता कुठे संपत आली असती. तोच लूप फंक्शनच्या आत टाकला तर काम 55 सेकंदांवर आलं, कारण आतले लोकल व्हेरिएबल (आकडा ठेवायचे डबे) पायथनला लवकर सापडतात. तरी पावणेदोनशे वर्षं होतातच.

मध्ये एक आगाऊपणा केला. रेंजची सरळ लिस्ट करून टाकली. नुसती रेंज 48 बाइटांत मावते, आकडा मागाल तसा देते. लिस्ट मात्र अब्जच्या अब्ज आकडे खरोखर मांडून ठेवते: प्रत्येकाचा पत्ता 8 बाइट, आकडा स्वतः 28 बाइट. बेरीज 36 जीबी! पंखा घोंघावला, माउस गोठला आणि थोड्या वेळाने टर्मिनलवर एकच शब्द उमटला, 'किल्ड'. लिनक्सने प्रोग्रॅमचा गळा दाबला होता.

मग दुसरी भाषा, जावा. दर कोटीला आकडा छापायला लावला, पण सवयीने व्हेरिएबल इंट, म्हणजे 32 बिटांचा, ठेवला. भाचा स्क्रीनला नाक लावून मोठ्याने वाचत होता. 2120000000, 2130000000, 2140000000 आणि पुढची ओळ -2140000000.

"मामा, हा उलटा का फिरला?"

32 बिटांत 2147483647 च्या पुढे जागाच नसते, म्हणून आकडा गर्रकन उणे टोकाला जातो आणि तिथून पुन्हा चढायला लागतो. परार्ध कधीच येणार नाही, लूप मात्र चालूच राहील. (जुन्या 32 बिटी सिस्टिमची घड्याळं 19 जानेवारी 2038 ला, आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, याच कारणाने गडबडणार आहेत.) इंटच्या जागी लाँग केलं की 64 बिट मिळतात, त्यात तब्बल 92 परार्ध मावतात.

जावास्क्रिप्टची तऱ्हा आणखी बेरकी. तिथे आकडा उणे होत नाही, जागच्या जागी थबकतो. 9007199254740992 मध्ये एक मिळवला तरी उत्तर 9007199254740992 च. म्हणजे मध्यसुद्धा गाठत नाही. कितीही मोठा आकडा मावणारा बिगइंट वापरला तर सुटका होते, पण वेग जातो. मला तर उणे आकडाच बरा वाटतो, निदान चूक दिसते तरी.

शेवटी सी ही भाषा. ऑप्टिमायझेशन (प्रोग्रॅम वेगवान करायची सोय) लावून चालवलं तर एंटर दाबताक्षणी उत्तर हजर. मी खूश, आणि मग ट्यूब पेटली: प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने लूपच काढून टाकला होता. मोजून शेवटी काय येणार ते त्याला आधीच ठाऊक, मग मोजायचं कशाला? व्हेरिएबलला व्होलटाइल, म्हणजे 'याला गाळू नकोस' अशी खूण, लावल्यावर तो खरोखर मोजायला लागला. अब्जाला दोन सेकंद, म्हणजे परार्धाला सव्वासहा वर्षं.

"चालेल," भाचा म्हणाला, "तेव्हा मी दहावीत असेन."

रात्रभर चालू ठेवला. सकाळी आठ तासांनी पाहिलं तर चौदा हजार अब्ज झाले होते. "एक शंकू आणि वर थोडे," भाच्याने बोटांवर घरं मोजून सांगितलं. "जलधी पण नाही?"

तो दात घासायला गेला आणि आईने चटणीचा मिक्सर लावायला प्लग काढला.