पुडीवरची तारीख

बुधवार होता, म्हणजे गोव्यातल्या आमच्या डिचोलीचा बाजार. माझ्या फार्मसीत रांग लागली होती. मामांनी नेहमीसारखी डॉक्टरची चिठ्ठी पुढे सरकवली. तारखेतल्या 1 चा 7 केलेला, शाईसुद्धा वेगळी. मी चिठ्ठी परत सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "असल्या गोळ्या इथे मिळत नाहीत. परत येऊ नका." कायद्याने माझं काही चुकलं नव्हतं. दुपारी निवांत जेवलेसुद्धा.

मामा खाणीवर ट्रक चालवायचे. जितक्या खेपा तितके पैसे, त्यात कमरेचा मणका गेला. ऑपरेशननंतर दहा दिवसांसाठी ट्रामाडोल, अफूच्या जातीचं वेदनाशामक, लिहून दिलं होतं, ते सुटलंच नाही. 2018 च्या मार्चमध्ये खाणी थांबल्या, ट्रक दारात उभा राहिला, आणि एप्रिलात ट्रामाडोल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधीही ते एच-वन या औषधांच्या यादीत होतंच; डॉक्टरचं नि रुग्णाचं नाव रजिस्टरला लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. तरी कधी साखळी, कधी म्हापसा असं करत मामांना गोळ्या मिळत राहिल्या. कुठून, ते मी विचारलं नाही.

शुक्रवारी मामी आल्या. सर्दीचं आणि जुलाबाचं औषध मागत होत्या. "ह्यांना फ्लू झालाय बहुतेक. नाक गळतंय, सारख्या जांभया, अंगावर काटा, रात्रभर पाय झटकतात. ताप मात्र नाही."

ओआरएसचं पाकीट काढता काढता मी थांबले. अफूच्या जातीचं औषध एकदम तुटलं की हेच होतं. कॉलेजात ही यादी मी परीक्षेपुरती पाठ केली होती.

दुपारी दुकान बंद करून त्यांच्या घरी गेले. मामा भिंतीकडे तोंड करून पडले होते, उशाशी पेज निवून गेलेली. आधी मी बुधवारच्या बोलण्याची माफी मागितली. बराच वेळ ते गप्प. मग विचारलं, "रोज किती घ्यायचात?"

"बारा."

पन्नास मिलीग्रॅमच्या बारा म्हणजे सहाशे. दिवसाची मर्यादा चारशेची, त्याच्या वर गेलं की फिट येण्याचा धोका वाढत जातो. फिट आली होती का विचारलं तर मामी म्हणाल्या, "चवथीला पडले होते. आम्हाला वाटलं उपासानं."

बांबोळीच्या मानसोपचार संस्थेचं नाव काढताच मामा उसळले. "मी काय पिसो?" दोन दिवस हेच चाललं. शेवटी सोमवारी कदंबाच्या बसने आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी गोळ्यांबद्दल नंतर विचारलं. आधी कंबर कुठे दुखते, न थांबता किती चालता येतं, रात्री कुठल्या कुशीवर झोपता, हे विचारलं. मामा पहिल्यांदा सलग बोलले. माझ्या काउंटरवर इतकी वर्षं येणाऱ्या माणसाला दुखतंय का, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

फिटचं ऐकून काही दिवस दाखल करून घेतलं. मग गोळ्या पायरीपायरीने कमी करायच्या ठरल्या, जोडीला फिजिओथेरपी. गोळ्या आधी मामींकडे दिल्या होत्या, पण नवऱ्याने रात्री हात जोडले की त्या विरघळायच्या. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं की रोजच्या रोज दुकानातून न्यायच्या. मी रोज सकाळी पुडी बांधायची, वर तारीख घालायची. मामा शटर उघडायच्या आधीच पायरीवर बसलेले असायचे, ते बरं दिसत नाही म्हणून मीच दहा मिनिटं लवकर यायला लागले.

गिऱ्हाइकं विचारायची, यांना रोज काय देतेस? "बीपीचं," मी सांगायचे. खोटं बोलल्याचं मला अजून वाईट वाटत नाही.

एकदा मामा आपणहून म्हणाले, "बाय, काल बाहेरून चार घेतल्या." मला आतून इतका राग आला की पुडी बांधताना दोरा तुटला. पण बुधवार आठवला. डॉक्टरांना फोन केला, तेही ओरडले नाहीत. त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे थांबायला सांगितलं. मामींना मात्र त्यांनी एक गोष्ट बजावली: सवय मोडली की शरीराची सहनशक्तीही उतरते, पुढे कधी जुन्या हिशेबाने बारा घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. मामींनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

एकूण साडेपाच महिने लागले. शेवटच्या पुडीत एकच गोळी होती. मामांनी ती उघडून पाहिली, परत मिटली आणि खिशात टाकली.

पावसात कंबर अजून धरते. बसमध्ये ते उभेच राहतात. परवा कमरेचा पट्टा घ्यायला आले आणि किमतीवरून माझ्याशी अर्धा तास भांडले, भर बुधवारी, रांगेसमोर.