पायाच्या बोटांनाही कामाला लावा

पर्वती चढताना गुडघ्यांवर सल्ला देणारे पैशाला पासरी भेटतात. पायाच्या बोटांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. एका पावलात 26 हाडं असतात, आणि कमान सावरून धरायला तळव्यातले छोटे स्नायूही राबत असतात.

त्यांच्यासाठी माझा लाडका व्यायाम अगदी बिनदिखाऊ आहे. खुर्चीत बसायचं, अनवाणी पाऊल फरशीवर सपाट. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा. कमान किंचित वर येते आणि तळव्याच्या आतल्या बाजूला ताण जाणवतो. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. सासूबाई समोर बसून विचारतात, "अगं, सुरू कधी करणार?"

दुसरा प्रकार म्हणजे अंगठा एकटाच उचलायचा, बाकी चौघं जमिनीवर, मग उलट. डावा अंगठा माझं अजून ऐकत नाही, त्याला हाताने धरून उचलते. पंचा पसरून बोटांनी गोळा करणंही चांगलं, पण मला कंटाळा येतो. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलते, सावकाश खाली आणते.

मधुमेहामुळे तळवे बधिर असतील किंवा टाच ठणकत असेल, तर आधी डॉक्टरांना पाय दाखवा.